यांचं दुखणं मी देवाला सांगितलं

आमच्या यांना हाडांच्या डॉक्टरांनी मानसोपचाराची चिठ्ठी दिली, तेव्हा सगळ्यात आधी भडकली ती मी. परळचं मोठं हॉस्पिटल, मागे ही रांग, आणि मी टेबलाशी अडून बसले. दुखतंय कमरेत, मग माणसाला डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला पाठवता, असं मी सरळ विचारलं. डॉक्टर पोरगेलासा होता. तो बिचारा समजावत होता की ऑपरेशन नीट झालंय, मणक्यातले स्क्रू जागच्या जागी आहेत, पण दुखणं वर्षभर मुरलं की ते नुसतं कमरेत राहत नाही. पुढचं मी ऐकलंच नाही. माझा स्वभावच तसा आहे, आधी तोंड सुटतं, कान मागून येतात.  यांनी मात्र चिठ्ठीची चार वेळा घडी घालून ती शर्टाच्या खिशात टाकली.

हे कामाला होते ते रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत. क्रेनने ओंडका उचलला की त्याला पट्टा नीट बसलाय की नाही ते बघायचं आणि हाताने इशारा द्यायचा, असं त्यांचं काम. एकवीस वर्षं केलं. एका दुपारी थप्पीवरचा ओंडका सरकला आणि यांना बाजूच्या ओंडक्यावर दाबत गेला. पायाला काही नाही, हाताला खरचटलेलंसुद्धा नाही. कमरेतच काय ते मोडलं. ऑपरेशनच्या नंतर सगळे म्हणाले, नशीब थोर, चालता येतंय. चालता येत होतं खरं. पण बसलं की दहा मिनिटांत घाम फुटायचा, आडवं झालं की कूस बदलताना दात आवळायचे, आणि उभं राहायला तर मिनिटभर लागायचं. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग हळूहळू धड वर.

लालबागला आमची चाळीतली एक खोली. त्या खोलीत दुखणं म्हणजे चौथं माणूस. आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आठवीतली लेक, त्याच्या कलाने वागायचो. त्यात बाहेरचे लोक. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो ना, मग लोकांना वाटायचं की कामाचा कंटाळा आलाय. मुकादम एकदा भेटायला आला आणि जिन्यात मला म्हणाला, वहिनी, एक्स-रेच्या फोटोत तर सगळं बरं दिसतंय म्हणे. मी त्याला चांगला झापला. पण खोटं कशाला सांगू? त्याच महिन्यात एके सकाळी मी दादरच्या पोळीभाजी केंद्रात जायला निघाले होते, उशीर झाला होता, यांनी तिसऱ्यांदा उशी मागितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं की पुरे करा आता ही नाटकं.  मी दिवसभर तिथे उभी राहून पोळ्या लाटत होते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं असं मला वाटत होतं.

तर ती चिठ्ठी. आठ दिवस ती खिशातच राहिली. शेवटी शर्ट धुवायला टाकताना मीच काढली आणि म्हटलं, जाऊन तर बघू, खाणार थोडीच आहेत. चाळीत सांगायचं काय, हा प्रश्न होता. आमच्याकडे तापाची गोळी घेतली तरी चार दारांना कळतं. शेवटी आम्ही ठरवलं की शेक घ्यायला जातात असं सांगायचं. शेकाला कोण नाव ठेवणार?

तिथल्या समुपदेशक बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. प्लायवूडचा आडोसा, आत दोन खुर्च्या, वर घरघरणारा पंखा. पहिल्या दिवशी मलाही आत बसू दिलं. मी तयारीनिशी गेले होते, की वेडाबिडाचं काही काढलं तर उठून यायचं. बाईंनी केसपेपर वाचला, बाजूला ठेवला आणि यांना म्हणाल्या, “आधी एक सांगते. तुमचं दुखणं खरं आहे. तुम्ही खोटं बोलत नाही आहात.”

हे रडायला लागले. लग्नाला सोळा वर्षं झाली, सासरे गेले तेव्हासुद्धा मी यांना असं रडताना बघितलं नव्हतं. खांदे गदगदत होते आणि त्या हलण्याने कमर दुखत होती, म्हणून एका हाताने कमर धरून रडत होते. मला इतकी लाज वाटली. जे एक वाक्य ह्या परक्या बाईने पाच मिनिटांत बोलून टाकलं, ते मला वर्षभरात सुचलं नव्हतं.

मग दर मंगळवारी हे एकटे जायला लागले. आत काय बोलणं होतं ते मला सांगायचे नाहीत. मला थोडा रागच यायचा, की मी इथे राबते आणि मनातलं सगळं त्या बाईला. पण फरक दिसत होता, तो कसा नाकारू? बाईंनी यांना शिकवलं होतं की दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधीच थांबायचं. आज चाळीच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत, बसायचं, परत यायचं. आठवड्याने थोडं पुढे. मला निरोप पाठवला होता की त्यांच्या हातातली कामं काढून घेऊ नका. म्हणून मी मन घट्ट करून यांना मेथी निवडायला द्यायची, दोऱ्यांवरचे कपडे काढायला लावायची. शेजारणी कुजबुजायच्या, की बघा, कमर मोडलेल्या नवऱ्याला राबवते. बोलेनात का. एकदा हे स्वतःहून खाली गेले आणि बाजारातून कोळंबी घेऊन आले, तीही निवडून, ताजी. लेकीने पिशवी उघडून बघितली आणि बाबांकडे बघतच राहिली. त्या दिवशीचं कालवण मी मुद्दाम तिखट केलं, यांना आवडतं तसं.

चारेक महिने असे गेले. मग एका मंगळवारी बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. हे खुर्चीत खाली बघून बसले होते. बाई म्हणाल्या, हे तुमच्याशी काहीतरी बोलणार आहेत, मी फक्त सोबत आहे.  मग हे म्हणाले की कधीकधी जगायला नको वाटतं. आधीपासून वाटतं, हल्ली जास्त. दुखणं आता असंच राहणार हे कळल्यापासून.

 मी यांचा हात धरला, तो गार पडला होता. बाईंनी नीट समजावलं. लांबलेल्या दुखण्यात असे विचार येतात, त्याला औषध आहे, उपाय आहे. शेजारच्या खोलीतले डॉक्टर गोळ्या देतील, त्या माझ्याकडे ठेवायच्या. आठवड्यातून दोनदा यायचं. विचार जोरात आले तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, ते यांनी स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहिलं. पहिलं नाव माझं होतं. निघताना बाई मला म्हणाल्या, “त्यांनी हे स्वतःहून सांगितलं, हे फार मोठं आहे. त्यांना विचारल्याशिवाय हे आणखी कुणाला सांगू नका.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

पण मला ते पेलेना. बाईंना रोज दहा माणसं असं सांगत असतील, त्यांची ती विद्या आहे. मला कुणी शिकवलं होतं? पोळी तव्यावर टाकली की मनात यायचं, आत्ता घरी काय करत असतील? फोन करायची, उचलायला दोन रिंग जास्त लागल्या की गॅस बंद करून निघायला हात जायचा. उचलला की काय बोलायचं ते सुचायचं नाही, मग उगाच विचारायची, कुकर लावला का. लेकीला सांगायची सोय नाही. आईला सांगावं तर ती गिरगावात, तिला रक्तदाब. कुणाच्या तरी गळ्यात पडून रडावं असं इतकं वाटायचं, की एकदा मी केंद्रातल्या पिठाच्या कोठीत जाऊन एकटीच रडून आले.

अशात यांच्या काकांचा गावाहून फोन आला. यांचं गाव मालवणकडचं. माझं माहेर गिरगावातलं, मी मालवणी सासरी येऊन शिकले. गावच्या देवळात जत्रेच्या दिवशी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावातल्या एकेका घरची अडचण देवासमोर मोठ्याने सांगायची आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून तिला पाठबळ द्यायचं. ते सांगायचा मान काकांचा. दर वर्षी आम्ही जायचो, त्या वर्षी यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता. काका म्हणाले, येऊ नका, मी तुमच्यासाठी घालतो, फक्त नेमकं काय ते सांग. मी म्हटलं, कमरेचं दुखणं. काका म्हातारे असले तरी कान तिखट. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. म्हणाले, “देवाकडे आडपडदा चालना नाय गो. काय आसा ता सगळा सांग.”

आणि मी सांगितलं. गॅलरीच्या टोकाला उभी राहून, तोंडावर पदर धरून, सगळं सांगितलं. त्या वेळी मला आपण काही चुकीचं करतोय असं एकदाही वाटलं नाही. बाईंनी माणसांना सांगू नका म्हटलं होतं. देव काय परका आहे का? आणि काका म्हणजे देवाच्या दारातलेच, ह्यांना अंगाखांद्यावर खेळवलेले. फोन ठेवला तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला. मला वाटलं होतं, काका कुठेतरी कोपऱ्यात हात जोडून हे हळूच सांगतील. सोळा वर्षं मी ते गाऱ्हाणं ऐकत आलेय. तरी मला असं का वाटावं, हे मला आजही कळत नाही.

जत्रेच्या संध्याकाळी पुतण्याने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. आमच्या मजल्यावर त्याच गावची आणखी दोन बिऱ्हाडं, तीही आमच्या खोलीत आली. मी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. हे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कॉटवर बसले होते, पाठीशी उशी. खुशीत होते. गाव दिसतंय म्हणून लेकीला दाखवत होते, हा सभामंडप आम्ही लहानपणी पोरांनी सारवलेला. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची नोकरी, एकेक गाऱ्हाणं होत होतं आणि आमच्या खोलीतूनही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. मग काकांनी यांचं नाव घेतलं. यांनी हात जोडले.

“बा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू मुंबैक कमरेच्या दुखण्यान बेजार झाला हा. त्या दुखण्यापायी तेच्या मनात जीव देवचे इचार येतत. ते काडून टाक आणि तेका पयल्यासारखो कर रे म्हाराजा.”

देवळातली शंभर माणसं म्हणाली, व्हय म्हाराजा. आमच्या खोलीत कुणी काहीच म्हटलं नाही.

लेकीने मान वळवून बाबांकडे बघितलं. मी तिच्याकडे बघत होते, यांच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. हे तसेच हात जोडलेले. मग त्यांनी उठायचं ठरवलं. बाहेर जायचं असणार, गॅलरीत, कुठेही. पण यांना उठायला मिनिट लागतं. कुशीवर वळले, कोपर टेकलं, आणि तेवढ्यात खोलीतली सगळी माणसं धरायला धावली. चार हात काखेत, दोन पाठीला. कुणी म्हणत होतं, अरे असं मनात नाही आणायचं, आम्ही आहोत ना. सगळं मायेने. हे त्या हातांमध्ये अर्धे उठलेले, तोंड लाल झालेलं, आणि धड उभंही राहता येईना, धड बसताही येईना. मी भांड्यांच्या फळीशी उभी होते. 

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर गेला. जत्रेचे व्हिडिओ टाकतातच, त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. संध्याकाळी वखारीतले दोघे जण केळी घेऊन आले आणि तास-दीड तास यांना आयुष्याचं महत्त्व पटवत बसले. त्यानंतर हे खाली उतरले की कुणी ना कुणी सहज म्हणून सोबत निघायचं. हे संडासात गेले आणि जरा वेळ लागला, तर शेजारच्या काकू बाहेरून हाक मारायच्या. चार महिन्यांत गिरणीपर्यंत, बाजारापर्यंत पोचलेला माणूस पुन्हा कॉटवर आला.

मी पाया पडून माफी मागितली. हे म्हणाले, जाऊ दे, तुझ्या मनात चांगलंच होतं. ओरडले असते तर मी सहन केलं असतं. मंगळवार आला तशी मी केसपेपर काढून ठेवला. यांनी तो बघितला आणि शांतपणे म्हणाले, “तिथे जाऊन आता सांगू काय? सगळं सांगून झालंय की तुझं.”

मी एकटीच गेले. मला वाटलं होतं, बाई मला फाडून खातील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी म्हटलं, मॅडम, मला काय ते बोला. त्या म्हणाल्या, तुम्हालाही फार भीती वाटत होती, हे मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. हे ऐकून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिथूनच यांना फोन लावला. पलीकडून यांचा आवाज मला ऐकू येत होता, एकदम अदबीने. मी बरा आहे मॅडम. नाही मॅडम, विचार नाही येत. गोळ्या घेतो मॅडम. बाई दोनदा घरीही येऊन गेल्या, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा हे गेलेही, आणि तिथेही हेच. माणूस जर म्हणतोय की सगळं उत्तम आहे, तर त्याला पुढे विचारणार काय? मी म्हटलं, तुम्ही काहीतरी करा, ते खोटं बोलतायत. बाई म्हणाल्या, मंगळवारची वेळ मी दुसऱ्या कुणाला देत नाही, पण ओढून आणून कुणाला बोलतं करता येत नाही.

घरी यांनी दुखतं म्हणणं बंदच केलं. उशी मागणं बंद. बसले की आता तासभर बसतात, ओठ आवळून. एकदा मी कामावरून आले, तर हे पाण्याची भरलेली बादली उचलून मोरीतून बाहेर आणत होते, कपाळावरून घाम गळतोय, आणि दारातल्या शेजाऱ्याशी हसून बोलणं चालू. मी धावत जाऊन बादली घेतली तर माझ्याकडे असं बघितलं, की मी परत खाली ठेवली. मजल्यावर सगळे म्हणायला लागले की देवाने ऐकलं. मला कुणीकुणी विचारायचं, आता बरे आहेत ना? मी मान हलवायची. गोळ्या मी हातात देते, घशाखाली जातात की नाही बघते. आणखी काय बघू? डोक्यात शिरून थोडंच बघता येतं?

वर्ष झालं आणि काकांचा निरोप आला. देवाने गुण दिला, तर आता त्याने स्वतः येऊन नारळ द्यायला हवा. मी म्हटलं, नको, बसवणार नाही. हे म्हणाले, का नाही बसवणार? जाऊ. दादरहून सकाळची गाडी धरली. सीटवर हे माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून. रोह्याच्या पुढे यांची मांडी थरथरायला लागली, ती उतरेपर्यंत थांबली नाही. मी औषधाची पिशवी पुढे केली, तर नको म्हणाले. लेक समोर बसून पुस्तक वाचत होती. तासभर तिने पान उलटलं नाही.

देवळात गर्दी होती. सगळ्यांना ते व्हिडिओतलं माणूस बघायचं होतं. यांनी नारळ दिला, वाकून नमस्कारसुद्धा केला, पूर्ण वाकून, आणि वर येताना यांच्या नाकपुड्या कशा फुलल्या ते फक्त मला दिसलं. काकांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग सगळ्यांसमोर मला विचारलं. बायको खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असणार.

“काय गो, आता कंबर दुखना नाय मा तेची?”

सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. यांनीही बघितलं. जत्रेच्या त्या संध्याकाळनंतर यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं ते तेव्हाच. मला दिसत होतं ते काय मागतायत. ह्या वेळी तरी माझं माझ्याजवळ राहू दे, एवढंच. खरं सांगितलं असतं, तर कदाचित कुणीतरी काही केलं असतं. कदाचित पुन्हा शंभर हात धावले असते.

मी म्हटलं, “नाही दुखत. अगदी बरे आहेत.”

हे माझ्याकडे बघून हसले. वर्षभर मी ज्या हसण्यासाठी तरसले होते, तेच, जुनं. आणि मला तिथेच कळलं की त्या हसण्यासाठी मी पुन्हा कुणीही विचारलं तरी हेच सांगणार आहे, बाईंनी विचारलं तरीसुद्धा.